रूथबाईंच्या कापडावर मोर नाही

श्रीरामपूरला बदली होऊन आले तेव्हा मला भाड्याच्या घराला पडदे हवे होते, बाकी काही नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातला शिपाई म्हणाला, "रूथबाईंकडं जा मॅडम. पण भांडायची तयारी ठेवा." मला वाटलं, भावावरून घासाघीस करावी लागत असेल. गेले.

गावाबाहेर जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून पत्र्याचं लांबट घर होतं. पुढच्या खोलीत एक भलंमोठं टेबल, त्यावर जुनी ब्लँकेटं आणि गोणपाट ताणून बसवलेलं, त्याच्यावर पांढरा मांजरपाट अंथरलेला. एक उंच, सावळी, साठीकडे झुकलेली बाई लाकडी ठसा रंगात टेकवून कापडावर ठेवत होती आणि तळहाताच्या बुडाने त्याच्यावर ठोका देत होती. केस बारीक कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मान वर न करता तिने विचारलं, "काय पायजे?"

"पडदे करायचे होते. मोराचे असले तर बरं."

ठोका थांबला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मोर येतो तुमच्या दारात?"

"नाही."

"माझ्याबी न्हाई येत. सरकारी पक्षी हाय तो. कॅलेंडरवर त्यो, साडीवर त्यो, हाटेलात गेलं तर भिंतीवर त्यो. मोर न्हाई, हत्ती न्हाई, कोयरीबी न्हाई. ते पायजे असंल तर मेन रोडला मायंदाळ दुकानं हायेत." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या खिडकीतून काय दिसतं?"

मला आठवेना. नवीन घर, खिडकीतून मी अजून धड पाहिलंच नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई स्वतः दारात हजर. चहा नको म्हणाल्या, खिडकीशी स्टूल ओढलं आणि कितीतरी वेळ बाहेर बघत बसल्या. आठ-दहा दिवसांनी पडदे आले. त्यांच्यावर विजेच्या तारा होत्या, तारांवर ओळीने कोतवाल पक्षी बसलेले, आणि मधूनच रेल्वेच्या सिग्नलचा एक खांब.

खरं सांगायचं तर मी खट्टू झाले. घरात बसून विजेच्या तारा कोण बघणार? बाईंनी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान आहे."

"काय छान हाय?"

मी पडद्याची कड उगाच सरळ केली. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. "उगं छान म्हणू नका. महिनाभर लावून बघा. न्हाईच पटलं तर मी परत नेते, त्याची फरशी पुसायची फडकी करते. पण मोर काढणार न्हाई."

ते पडदे आजही माझ्या घरात आहेत.

रूथबाई पूर्वी एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला दिला जायचा. एका वर्षी वार्षिक परीक्षेच्या आधी बाईंनी तास द्यायला सरळ नकार दिला, वर्गाला आतून कडी लावली आणि पोरांकडून त्यांच्या त्यांच्या घरातली चूल काढून घेतली. मुख्याध्यापक बाहेरून दार वाजवत राहिले. पुढच्या जूनला बाई शाळेत गेल्या नाहीत. "काढलं का त्यांनी तुम्हाला?" असं मी एकदा विचारलं. "त्यांनी काढायच्या आधी मीच निघाले. तेवढं सुख त्यांना कशाला द्यायचं?" लोकांच्या तोंडी मात्र त्या 'बाई'च राहिल्या.

त्यांची बोली हाही त्यांचा एक हट्टच होता. प्रमाण मराठी त्यांना उत्तम यायचं. तालुक्याच्या साहेबाशी बोलताना त्या मुद्दाम 'हाय' आणि 'न्हाई' जास्त वापरत. म्हणत, "शाळेत शुद्ध बोलले ते पुरे झालं. आता मी ज्या भाषेत इचार करते तीच बोलणार."

त्यांची एक सवय मला फार दिवस अवघड वाटायची. बोलता बोलता त्या समोरच्याच्या पदराचं किंवा बाहीचं टोक चिमटीत धरून चोळून बघत. माणूस कोण, ते बघत नसत. एकदा एका पुढाऱ्याच्या हस्ते होणाऱ्या उद्घाटनाला आम्ही दोघी गेलो होतो. ते नमस्कार करत पुढे आले, तर बाईंनी त्यांच्या कडक पांढऱ्या सदऱ्याची कड धरली आणि म्हणाल्या, "खादी म्हणून घेतली का? निम्मं टेरिकॉट हाय ह्यात. घाम जिरत नसंल." पुढारी हसले, पण पुढच्या माणसाला नमस्कार करायला जरा लगबगीनेच सरकले.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. कुठलंही नवं डिझाइन कुणी हातात घेतलं आणि 'हे कुठलं?' असं विचारलं की त्या म्हणायच्या, "बघून काढलंय. ऐकून न्हाई." उसाचं पेर, बाभळीची शेंग, बांधावरची टिटवी, गाळपाच्या दिवसांत रस्त्याने जाणारा उसाचा ट्रॅक्टर, राहुरीच्या बाजारातली कांद्याची गोणी. ठसे त्या स्वतः कोरायच्या. बोटांवर जुन्या कापल्याच्या खुणा होत्या, आणि नखांत सदा रंग. रविवारी चर्चला जातानाही तो निघालेला नसे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी त्याबद्दल टोकलं, तर म्हणाल्या, "देवाला ठाऊक हाय मी सहा दिवस काय करते. सातव्या दिवशी कशाला लपवू?"

चर्चच्याच वेदीच्या आच्छादनावरून एकदा मोठं रामायण झालं. हे वाक्य बाईंसमोर म्हटलं असतं तर 'चर्चात कुठलं रामायण?' म्हणून त्यांनी मला तिथेच अडवलं असतं. पण झालं ते तसंच.

कापणीच्या उपकारस्तुतीसाठी, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणासाठी, वेदीवर नवं कापड घालायचं ठरलं आणि ते काम साहजिकच रूथबाईंकडे आलं. नेहमी गव्हाची ओंबी आणि द्राक्षांचा घड असायचा. बाईंनी बाजरीची कणसं काढली. तपकिरी-हिरवी, भरगच्च, कडेने एका रांगेत, आणि मधे फक्त एक भाकरी. वाटोळी, एका बाजूला किंचित करपलेली.

मंडळीच्या बैठकीत ते कापड उघडलं तेव्हा मी नव्हते; पण रूथबाईंकडे शिवणकाम करणाऱ्या शकीलाभाभी ते पोचवायला गेल्या होत्या आणि दाराशी उभ्या होत्या. त्यांनी मला सगळं सांगितलं. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "रूथ, ही वेदी आहे. इथे बाजरी?"

"का? बाजरी कुणी दुसऱ्यानं पिकवली?"

"पवित्र शास्त्रात गहू आहे, द्राक्षं आहेत."

"तिकडं गहू पिकत हुता म्हणून गहू हाय. प्रभू आपल्याकडं आला असता तर काय खाल्लं असतं त्यानं? माझी आजी मिशनच्या दवाखान्यात फरशी पुसायची. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी तिच्या घरी बाजरीची भाकरीच हुती. तुमच्या आजीच्या घरी काय हुतं, सांगा."

ते वडीलधारे चर्चच्या पाळकांकडे बघू लागले. पाळक मवाळ होते. ते म्हणाले, यंदा जुनंच घालू, पुढच्या वर्षी विचार करू. बाईंनी कापडाची घडी केली. कडेने एखादा गव्हाचा ठसा मारला असता तर भागलं असतं, असं भाभींनी वाटेत सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, "भागवायचंच असतं तर शाळा सोडली नसती."

उपकारस्तुतीच्या रविवारी वेदीवर जुनंच कापड होतं. पण अर्पणं आणायची वेळ झाली तेव्हा मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाया उठल्या. खेड्यापाड्यांतून टेम्पोने येणाऱ्या त्या. प्रत्येकीच्या हातात बाजरीच्या कणसांची पेंढी. बाईंनी सांगितलं होतं की त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं, हे कधी कुणाला कळलं नाही. पेंढ्या वेदीवर इतक्या रचल्या गेल्या की जुन्या कापडावरची द्राक्षं दिसेनाशी झाली. पुढच्या वर्षी कुणी विषय काढला नाही. भाकरीचं कापड आपोआप वेदीवर आलं. बाईंनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त त्या दिवशी त्या गाणी जरा मोठ्याने म्हणत होत्या, असं भाभींचं म्हणणं.

हे सगळं ऐकून बाई म्हणजे कायम जिंकणारी व्यक्ती, असं वाटेल. तसं नव्हतं. त्यांच्या हट्टाची किंमत कधी कधी दुसऱ्यांनाही मोजावी लागे, आणि ती त्यांना एकदा तोंडावर ऐकवलीही गेली.

एक वर्ष मुंबईहून घरसजावटीच्या मोठ्या दुकानांसाठी माल घेणारे दोघेजण आले. एक बाई आणि तिचा सहकारी. कुणाच्या तरी घरी टिटवीचा पलंगपोस बघून पत्ता काढला होता. रूथबाईंकडे तेव्हा दोघी कामाला होत्या: शिवणाला शकीलाभाभी आणि ठसे मारायला मंदा. मंदा तिशीची, जवळच्या वस्तीवरची, नवरा अपघातानंतर घरीच असलेला. हात असा नेमका की तिच्या आणि बाईंच्या ठशांत फरक ओळखू येत नसे.

पाहुण्यांना सगळंच पसंत पडलं. पलंगपोस, अभ्रे, पडदे, सगळं वर्षभर लागणार होतं. मंदाने न सांगताच त्यांच्यासाठी चहा केला, साखर जरा जास्तच घालून. मी त्या दिवशी कॉलेजच्या पुस्तकांना पिशव्या शिवून घ्यायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं.

मग त्या मुंबईच्या बाईंनी बॅगेतून एक छोटी चिठ्ठी काढली. प्रत्येक नगाला ती बांधायची होती. त्यावर छापलेलं: अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आदिवासी आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली शेकडो वर्षांची कला.

रूथबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "ह्या कोण आज्या?"

"मॅडम, ते आपलं एक स्टोरी म्हणून असतं. ग्राहकांना परंपरा आवडते."

"पण ही परंपरा न्हाई. हे मी काढलंय. ही टिटवी मी आमच्या बांधावर बघितली आन् मी कोरली. शेकडो वर्षं न्हाई झाली. माझं वय बघा की."

"आपण तुमचं नाव घातलं तर ते... कसं सांगू... तेवढं भारतीय वाटत नाही."

मंदाने चहाची किटली खाली ठेवली. रूथ हे नाव त्या बाईला भारतीय वाटत नव्हतं. तिला ते बोलल्यावर कळलं असावं, कारण ती एकदम चहाकडे वळली.

रूथबाईंचा आवाज चढला नाही. राग आला की त्यांचा आवाज खाली जायचा. "माझा बाप ह्याच गावात कंपाउंडर हुता. मी ह्याच मातीत मोठी झाले. ह्याच्यापरीस भारतीय अजून काय असतं, ते मला ठाव न्हाई. डोंगरातल्या आज्यांची जी कला हाय ती त्यांच्याकडनं घ्या, त्यांच्या नावानं घ्या. त्यांचं नाव माझ्या कापडाला लावून त्यांनाबी फसवू नका, मलाबी नको." आणि चिठ्ठी परत त्यांच्या बॅगेत ठेवून दिली. स्वतःच्या हातांनी.

गाडी निघून गेली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. तेवढ्यात मंदा म्हणाली, "बरं केलं का बाई हे?"

"मंजे?"

"नावासाठी गेलं ना समदं? तुमचं नाव ऱ्हावं म्हणून." तिने टेबलावर हात ठेवला. "ह्या टेबलापाशी मी रोज उभी ऱ्हाते. कापडावर माझं नाव कुठं हाय? भाभींचं कुठं हाय? आमचं नाव न्हाई म्हणून आमी कवा काम सोडलं का? तुमचं एकटीचं नाव ऱ्हावं म्हणून आमच्या चुलीवर पाणी का ओतायचं?"

शकीलाभाभींनी तिला गप्प करायला दंडाला धरलं. तिने हात सोडवून घेतला, चप्पल घातली आणि गेली.

रूथबाई उभ्याच होत्या. मग त्यांनी मंदाचा ठसा उचलून बाजूला ठेवला. मला म्हणाल्या, "तुमी बी जावा आता."

मंदा पुन्हा आली नाही. कांद्याच्या शेडमध्ये निवडायला जाऊ लागली असं कळलं. बाई तिला बोलवायला गेल्या नाहीत, निरोपही धाडला नाही. मला वाटलं, अडून बसल्या. पण त्या काही दिवस ठसे कोरत होत्या, आणि कुणाला दाखवत नव्हत्या. मग एके दिवशी एक पलंगपोस घेऊन त्या मंदाच्या वस्तीवर गेल्या. वाटेत मी भेटले म्हणून मलाही बरोबर ओढलं.

मंदा दारात भांडी घासत होती. बाईंनी पलंगपोसाचं एक टोक तिच्यासमोर धरलं. कोपऱ्यात, टिटवीच्या पायाशी, बोटभर उंचीची अक्षरं होती: रूथ. मंदा. शकीला. एकाखाली एक, सारख्या आकाराची.

"तू बोललीस ते खरं हुतं," बाई म्हणाल्या. "मुंबईवाल्यांना न्हाई म्हणाले ते मात्र परत आले तरी न्हाईच म्हणीन. ते तुला पटत नसंल तर येऊ नको. पटत असंल तर उद्या ये."

मंदाने राखेचा हात पदराला पुसला आणि स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. "'म' वाकडा कोरलाय," ती म्हणाली.

"मंग तू येऊन सरळ कोर."

दुसऱ्या दिवशी ती आली. 'म' मात्र वाकडाच राहिला. बाईंनी तो बदलू दिला नाही. मुंबईचं काम गेलं ते गेलंच. ते वर्ष ओढगस्तीचं गेलं. प्रदर्शनांतून, बाजारातून, कधी भंडारदऱ्याच्या एखाद्या लॉजच्या खोल्यांसाठी, असं करत त्यांनी ते काढलं. लॉजवाल्याला वारली चित्रांतली नाचणारी माणसं हवी होती. त्याला पाण्यात उभे राहिलेले बगळे घ्यावे लागले.

आणि मग मंदाच्या नणंदेच्या घरी, राहुरीला, लग्नाच्या आहेरात एक पलंगपोस आला.

मंदा तो काखोटीला मारून एसटीने थेट रूथबाईंच्या टेबलापाशी येऊन थडकली. "बाई, आपली टिटवी!" मशीनवर छापलेलं भडक कापड होतं. टिटवी हुबेहूब, फक्त पाय गुलाबी केलेले. बाई बघतच राहिल्या. मग त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की भाभींनी शिवणाचं मशीन थांबवलं. छापणाऱ्यांनी चित्र जसंच्या तसं उचललं होतं. नावांची अक्षरं त्यांना नक्षी वाटली असावी, आणि तीन ओळींतली मधलीच तेवढी त्यांनी घेतली होती. कडेने सगळीकडे, ओळीने, वेलीसारखं छापलं होतं: मंदा मंदा मंदा मंदा. वाकड्या 'म'सकट.

तिघी राहुरीच्या त्या दुकानात गेल्या, मी चौथी. दुकानदार भला माणूस दिसला. म्हणाला, "ताई, माल आम्हाला बाहेरून येतो. असं डिझाइन कुणीही काढू शकतं. तुमचंच आहे म्हणायला पुरावा काय?"

रूथबाईंनी हातातली घडी मंदाकडे दिली. त्यांनी मंदाला पुढे केलं.

मंदाने घडी उलगडली, कड त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "वाचा."

"काय वाचू?"

"काय लिव्हलंय ते वाचा ना."

त्याने वाचलं. "मंदा."

"ती मी हाय."

दुकानात दोन-चार गिऱ्हाइकं होती. एक बाई फस्सकन हसली. कुणीतरी हातातलं कापड खाली ठेवून कड बघू लागलं. दुकानदाराने एकदा मंदाकडे, एकदा कापडाकडे पाहिलं आणि नोकराला हाक मारून सगळा गठ्ठा फळीवरून खाली काढायला लावला. "आलेत तिथं परत पाठवतो," म्हणाला. पाठवले असतील. पण पुढल्या महिन्यात नेवाशाच्या बाजारात ते पुन्हा दिसलेच, आणि नंतरही दिसत राहिले. "आता टिटवी बंद करा, बाई," असा सल्ला मीही दिला. त्या चिडल्या. "चोर घरात शिरला म्हणून घर मी सोडू? टिटवी माझी हाय, मी मरेस्तोर काढणार. त्यांना काय काढायचं ते काढू द्या."

माझी पुढे नगरला बदली झाली. फोन व्हायचे, पण बाईंना फोनवर बोलायला आवडत नसे. "कापड दिसत न्हाई ह्याच्यात," म्हणायच्या. रस्ता रुंद होणार आणि घराची पुढची खोली जाणार, हे मला भाभींकडून कळलं. सुनावणीला बाई प्रत्येक वेळी गेल्या, नकाशे मागवले, समोरच्या बाजूची मोठी इमारत का सुटते ते विचारलं. उत्तर मिळालं नाही. खोली गेली.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या एका कामासाठी श्रीरामपूरला गेले होते. परतीची एसटी त्या रस्त्यानेच जाते. रस्त्यावर काम चालू होतं म्हणून गाडी रांगेत थांबली, नेमकी बाईंच्या घरासमोर. घर मधोमध कापल्यासारखं दिसत होतं. समोरची भिंतच नव्हती. त्या जागी वरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंत एक अखंड कापड टांगलेलं होतं, आणि त्याच्यावर ओळीने, पिवळेजर्द, दातेरी सोंडा उचललेले जेसीबी छापलेले होते. शंभरेक असतील. एसटीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघायला लागली. ड्रायव्हर म्हणाला, "आयला, काय झाक!"

कापडासमोर एक अधिकारी टेप घेऊन उभा होता. वाऱ्याने कापड फुगलं की ते हद्दीसाठी मारलेल्या खडूच्या रेघेच्या पुढे, रस्त्यावर येत होतं. वारा पडला की मागे जात होतं. मी खिडकीची काच सरकवली.

"बाई, हे हद्दीत येतंय," तो सांगत होता. "काढावं लागेल."

कापड एका बाजूने वर झालं आणि रूथबाई बाहेर आल्या. पांढऱ्या केसांवर धूळ, हात कोपरापर्यंत पिवळे.

"मी न्हाई आणत त्याला हद्दीत. वारा आणतो. वाऱ्याला नोटीस द्या."

"बाई, ऐका—"

"भिंत तुमच्या हद्दीत हुती, तुमी नेली. मी अडवलं न्हाई. हे माझं हाय. वारा पडला की मोजा आन् लिव्हा कुठं हाय ते."

मी हाक मारली. रस्त्याच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्या वळून आत गेल्या. अधिकारी टेप हातात धरून वारा पडायची वाट बघत उभा राहिला. वारा पडत नव्हता. गाडी हलली, आणि कापड पुन्हा एकदा फुगलं तेव्हा त्याच्याखालून मला आतल्या खोलीत बसावं म्हणून अर्धं कापलेलं टेबल दिसलं; त्याच्या एका बाजूला मंदा, दुसऱ्या बाजूला बाई. दोघींच्या मधे नवं पांढरं कापड पसरलेलं होतं, आणि बाई ते ताणून धरायला मंदाला काहीतरी ओरडून सांगत होत्या.